पाठीवरचा मुलगा : समथरचा रस्ता आणि मराठी मुलांच्या साहसकथा



आज आपण मुलांच्या कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहोत. नऊ ते तेरा वर्षांची मुलं जी पुस्तकं पांघरुणात टॉर्च लावून वाचतात, ती पुस्तकं. अद्भुताची आणि साहसाची. पण सुरुवात नकाशापासून करू. हातातल्या फोनवर नकाशा उघडा आणि झाशी शोधा. तिथून ईशान्येला भांडेर सापडेल, ते आज मध्य प्रदेशात येतं. आणखी पुढे गेलात की जालौन जिल्ह्यातलं कोंच. आता भांडेर ते कोंच अशी एक सरळ रेघ मनातल्या मनात ओढा. त्या रेघेला जवळजवळ टेकून एक गाव आहे, समथर.

समथर आज उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यात मोडतं. स्वातंत्र्यापूर्वी ते एक संस्थान होतं. बुंदेलखंडातलं, गुर्जर राजघराण्याचं, १७८ चौरस मैलांचं. १९०१ च्या खानेसुमारीत तिथली लोकसंख्या तेहतीस हजारांच्या आसपास भरली होती. हा मुलूख मूळचा दतिया राज्याचा. मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी बुंदेलखंड ढवळून निघालं, त्या धामधुमीत इथला रणजितसिंह स्वतंत्र झाला आणि 'राजा' हा किताब त्याला मराठ्यांकडून मिळाला. पुढे १८१७ साली समथरनं इंग्रजांशी तह केला. सपाट मैदानात उभा असलेला किल्ला, त्यात राजवाडा, चहूबाजूंना दुसऱ्यांची राज्यं, आणि डोक्यावर आधी एकाची, मग दुसऱ्याची सत्ता. समथर ते एवढंच.

एवढं सांगितल्यावर मोठा माणूस विचारतो, "महसूल किती होता?" अकरा वर्षांचं मूल विचारतं, "किल्ल्यात भुयार आहे का?"

मला आज हा दुसरा प्रश्न घ्यायचा आहे. तो बालिश वाटतो, पण कादंबरी त्याच्यातूनच जन्माला येते. आणि समथरचा हा रस्ता मी मुद्दाम निवडला आहे, कारण एका रात्री या टापूत एक खरीखुरी साहसकथा घडली. तिच्यात त्याच वयाचा एक मुलगा होता. त्याच्याकडे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याला काय दिसलं, ते मात्र आपण क्वचितच विचारलं.

४ एप्रिल १८५८ ची रात्र. सर ह्यू रोजच्या फौजेनं झाशी शहर घेतलं होतं. राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटली. पहाटेपर्यंत ती सुमारे एकवीस मैलांवरच्या भांडेरला पोचली. तिथे पाठलाग करणारे स्वार येऊन भिडले, चकमक झाली, आणि राणी तिथूनही सुटून यमुनेकाठच्या काल्पीकडे गेली. भांडेरपासून काल्पीची दिशा धरलीत की डाव्या-उजव्या हाताला समथरचा मुलूख येतोच. तहानं इंग्रजांशी बांधलेलं संस्थान. समजा त्या रात्री तुम्ही घोड्यावर आहात, मागे टापांचा आवाज येतोय, आणि अंधारात दूर एका किल्ल्याचे दिवे दिसताहेत. ते दार आपल्यासाठी उघडेल की आपल्याला धरून देईल? चांगल्या साहसकथेला लागणारा प्रश्न हाच असतो. तो इथे इतिहासानंच मांडून ठेवला आहे.

आता राणीचा पुतळा आठवा. झाशी असो, ग्वाल्हेर असो, पुणं असो. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेला मुलगा. तो दत्तक पुत्र दामोदरराव. त्याचं आधीचं नाव आनंदराव, जन्म १८४९ चा. म्हणजे त्या रात्री तो आठ वर्षांचा होता, नववं चालू होतं. खरोखर तो पाठीशी बांधलेला होता की दुसऱ्या कुणाच्या घोड्यावर होता, याची चर्चा अभ्यासक करोत. लोकांच्या मनात तो पाठीवरच आहे. तिथून पुढचं दिसत नाही. दिसतं ते बाजूचं आणि मागचं. मागे शहर जळतंय.

राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला पडली. पुतळा तिथे संपतो. मुलाची गोष्ट तिथे सुरू होते. राणीच्या विश्वासू माणसांनी त्याला घेऊन जंगल गाठलं. जवळपास दोन वर्षं तो रानावनात, पावसापाण्यात, लपतछपत फिरत होता. आश्रय देणारे थोडे, घाबरणारे पुष्कळ. शेवटी १८६० मध्ये तो इंदूरला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याला पेन्शन मिळालं, राज्य मिळालं नाही. इंदुरातच तो वाढला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला. या भटकंतीची त्याची म्हणून सांगितली जाणारी हकीगत य. न. केळकरांच्या 'इतिहासाच्या सहली' या १९५९ च्या पुस्तकात मराठीत आली आहे. आठ ते दहा या वयात एका मराठी मुलानं एवढा प्रवास केला. साहसकथेच्या नायकाला आणखी काय लागतं?

मंडळी, याच काळाचा आणखी एक मराठी साक्षीदार आपल्याकडे आहे, आणि त्याचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी आली. हे तिशीचे भटजी काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले ते नेमके १८५७ सालात. वाटेतच बंडाची बातमी लागली. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. तोफांचा मारा, शहराची लूट, कत्तल, लपून बसणं, जवळचं सगळं जाणं, हे त्यांनी अंगावर घेतलं. परत घरी आले ते पैशाशिवाय, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. अनेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. ते पुस्तक, 'माझा प्रवास', १९०७ मध्ये छापलं गेलं.

जगातल्या बहुतेक साहसकथांचा सांगाडा काय असतो? घर सोडायचं, काहीतरी मिळवायला जायचं, भलतंच संकट ओढवायचं, आणि बदललेल्या माणसानं वेगळीच वस्तू घेऊन घरी परतायचं. गोडसे भटजींनी तो सांगाडा कल्पनेनं रचला नाही, ते तो जगले. पण हे पुस्तक मोठ्यांसाठी होतं. त्यातली झाशीची कत्तल दहा वर्षांच्या मुलापुढे जशीच्या तशी ठेवता येत नाही. मग त्या वयाच्या मराठी मुलापुढे त्या काळात काय होतं?

मागे जाऊन पाहू. छापील मराठी गोष्टींच्या सुरुवातीच्या काळातच अद्भुत आलं, तेही महाराष्ट्राबाहेर. बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या छापखान्यातून १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी' मराठीत निघाली. ती वैजनाथशर्मा या नागपूरकर पंडितांनी तयार केली होती. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली. त्याच १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्या. राजपुत्र, सुंदरी, कपटी प्रधान, वियोग, योगायोग आणि शेवटी लग्न. मुलं त्या वाचत असतील, पण त्या मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. त्यांतला कुठलाच पेच मुलाचा नव्हता.

मुलांसाठी म्हणून जे निघालं, त्याचा सूर वेगळा होता. १८७३ मध्ये अमेरिकन मिशनचं 'बालबोधमेवा', १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध', १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद'. या मासिकांनी केलेलं काम मोठं आहे. चरित्रं, विज्ञान, इतिहास, सोपी स्वच्छ भाषा. पण त्या काळची साधारण समजूत अशी की मूल हे घडवायचं भांडं आहे. गोष्ट म्हणजे बोधाची गोळी, वरून साखर लावलेली. साहसाला तिथे जागा होती ती शिवाजी महाराजांच्या किंवा नेपोलियनच्या चरित्रात. म्हणजे पुन्हा मोठ्या माणसाच्या साहसाला.

याच वेळी हिंदीत एक स्फोट झाला, आणि तो मराठी वाचकानं समजून घेण्यासारखा आहे. देवकीनंदन खत्री नावाच्या गृहस्थांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. कामासाठी रानात फिरताना त्यांना पडके किल्ले, खोऱ्या, गुहा दिसायच्या. त्यातून १८८८ मध्ये 'चंद्रकांता' उभी राहिली. वेश पालटणारे ऐयार, बेशुद्ध करणाऱ्या पुड्या, आणि तिलिस्म, म्हणजे कळी दाबली की भिंत सरकते अशी रहस्यमय वास्तू. ही कादंबरी वाचता यावी म्हणून कितीतरी लोक हिंदी वाचायला शिकले, असं आजही सांगितलं जातं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका लागायची, ती पाहिलेली पिढी आज माझं बोलणं ऐकत असेल.

या उदाहरणातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, खत्रींनी अद्भुत परदेशातून आणलं नाही, ते घराजवळच्या पडक्या भिंतींतून काढलं. दुसरी अधिक महत्त्वाची. जे काम व्याकरणाच्या पुस्तकाला जमलं नाही, ते 'पुढे काय झालं?' या एका प्रश्नानं केलं. माणसं भाषेसाठी गोष्ट वाचत नाहीत. गोष्टीसाठी भाषा शिकतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं लहानपण ग्वाल्हेरला गेलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि पाटीवर, वहीवर, भांडणात, खेळात सगळीकडे हिंदी. आजी म्हणायची, "मराठी वाचत जा रे." पण 'वाचत जा' म्हटल्यानं कुणी वाचत नाही. दहाव्या वर्षापर्यंत मी मराठी समजणारा, बोलणारा, पण वाचायचा कंटाळा करणारा मुलगा होतो. मग सुट्टीत पुण्याची आत्या आली. तिच्या पिशवीत चिवडा होता आणि फास्टर फेणेची तीन पुस्तकं होती. चिवडा दोन दिवसांत संपला. पुस्तकं पुढची तीन वर्षं पुरली. 'ळ' आला की अडखळणारा मी, बन्या फेणे सायकलवरून कुठे पोचला हे कळावं म्हणून 'ळ'वरून उड्या मारत पुढे जायला लागलो. त्या तीन वर्षांत जे वाचलं त्यामुळे आज मी तुमच्याशी मराठीत बोलतो आहे. नऊ ते तेरा हे वय भाषेच्या बाबतीत उंबरठ्यासारखं असतं. त्या वयात ज्या भाषेत मूल स्वतःच्या मजेसाठी वाचतं, ती भाषा त्याची राहते. बाकीच्या भाषा कामाच्या होतात.

पण बन्या फेणेपर्यंत मराठी कशी पोचली? मधे दोन-तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नाथमाधवांची. द्वारकानाथ माधव पितळे. ऐन तारुण्यात शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि पाय कायमचे अधू झाले. त्यानंतर हा माणूस बसल्या जागेवरून कादंबऱ्या लिहू लागला. १९१३ ची त्यांची 'वीरधवल' पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. ज्याला स्वतःला पुन्हा गड चढता येणार नव्हता, त्यानं हजारो मुलांना घरबसल्या गड चढवले. दुसरे गोविंद नारायण दातारशास्त्री. इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचा आधार घेऊन त्यांनी 'बंधुद्वेष', 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवन गुहा' अशी पुस्तकं लिहिली. भुयारं, गुप्त खलिते, वेशांतर, सगळं आपल्या मातीत रोवून. त्यानंतर बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड. हजाराहून जास्त पुस्तकं. पाठ्यपुस्तकाच्या आत घालून ती वाचली जायची.

ही पुस्तकं मुलांनी वाचली, नव्हे, पळवून वाचली. पण नायक अजूनही प्रौढ होता. मुलगा बघ्या. तो पाठीवर बसून मोठ्यांचं साहस बघत होता.

इकडे ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'नं मुलाला गोष्टीच्या मधोमध आणून ठेवलं. त्याचं जग घराचं आणि शाळेचं, पण त्या जगात काय करायचं हे ठरवणारा तो स्वतः. अर्धं काम झालं. मुलगा नायक झाला. आता त्याला घराबाहेर काढणारा कुणीतरी हवा होता.

तो इंदूरमधून आला. भास्कर रामचंद्र भागवत, जन्म इंदूर, ३१ मे १९१०. म्हणजे दामोदरराव ज्या शहरात वारले, त्याच शहरात त्यानंतर चार वर्षांनी. याला मी योगायोग म्हणतो, त्यातून कुठलाही अर्थ काढत नाही. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात जन्मलेल्या माणसानं मराठी मुलांची साहसकथा बदलून टाकली, हे आपण बाहेरच्या मराठी लोकांनी जरूर लक्षात ठेवावं.

भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' हे मुलांचं मासिक सुरू केलं. ज्यूल व्हर्नला मराठीत आणलं, 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. शब्द पाहा, भाषांतर आहे असं वाटतच नाही. आणि मग बनेश फेणे. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीपैलवान, सायकल दामटणारा, तोंडानं 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. त्याच्या वीस पुस्तकांनी एक साधी गोष्ट पहिल्यांदा इतक्या ठामपणे केली. संकट मुलाला दिसतं, मोठ्यांना दिसत नाही. मोठे विश्वास ठेवत नाहीत. मग मुलाला स्वतःच काहीतरी करावं लागतं. तो चुकतो, आपटतो, पळतो, पुन्हा उठतो. त्याच्याकडे तलवार नाही, राज्य नाही, वरदान नाही. डोळे उघडे आहेत आणि पाय वेगवान आहेत.

हे छोटं वाटतं, पण 'मुक्तामाला'पासून इथपर्यंत यायला मराठीला शंभराहून जास्त वर्षं लागली. पाठीवरचा मुलगा खाली उतरला आणि लगाम त्याच्या हातात आला. शिवाय बन्या पुण्यात बसून राहिला नाही. प्रतापगडावर गेला, गुलमर्गला गेला. १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर गेला, २०१७ मध्ये सिनेमात मोठा होऊन आला.

अद्भुताची बाजू दुसरीकडून भरून निघाली, आणि तीही बाहेरून. मद्रासच्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती, आपला 'चांदोबा', १९५२ मध्ये सुरू झाली. त्यातल्या अंकाअंकानं चालणाऱ्या राक्षस-मांत्रिकांच्या मालिका दासरी सुब्रह्मण्यम या तेलुगू लेखकाच्या. मराठी घरांत त्या मराठी म्हणूनच वाचल्या गेल्या. १९७१ मध्ये बालभारतीचं 'किशोर' आलं आणि मुलांना स्वस्त, सुंदर मासिक मिळालं. पुढे फेलूदा बंगालीतून आला. 'हॅरी पॉटर आणि परीस' आलं, ते छापणारी प्रकाशनसंस्था भोपाळची. १८१४ मध्ये श्रीरामपूर, १९५२ मध्ये मद्रास, आणि आपल्या काळात भोपाळ. मराठी मुलाच्या अद्भुताचा पत्ता किती वेळा महाराष्ट्राबाहेरचा आहे, बघा. ही तक्रार नाही. भाषा जिथे छापली जाते, वाचली जाते, तिथे तिचं घर असतं.

मग आज नेमकं अडतंय कुठे?

झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तंजावर. मराठी घरांची ही यादी तुम्हाला पाठ आहे. या घरांतल्या मुलाच्या हातात आज आपण काय देतो? एक तर पुण्या-मुंबईतल्या मुलांची गोष्ट, ज्यात त्याचं गाव नाही. नाहीतर परदेशी जादूगाराचं भाषांतर, जे त्यानं इंग्रजीतून आधीच वाचलेलं आहे. झाशीच्या शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलीला सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता तोंडपाठ असते. राणीचा पुतळा ती रोज पाहते. राणीच्या घरात मराठी बोलली जायची, गोडसे भटजींशी तिथली माणसं मराठीत बोलली, हे तिला माहीत नसतं. तिच्या रोजच्या रस्त्यावर घडलेली मराठी गोष्ट तिच्यापर्यंत मराठीतून पोचतच नाही. उंबरठ्यावरची तीन-चार वर्षं निघून जातात. मग आपण म्हणतो, "मुलं मराठी वाचत नाहीत हो."

म्हणून मला एक पुस्तक हवं आहे. कसं हवं, तेही सांगतो.

त्यात राणी असावी, पण थोडी दूर, जशी आई मुलाला दिसते तशी. कधी खूप जवळ, कधी फक्त आवाज. गोष्ट त्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी दिसावी. लढाईत कोण जिंकलं हे त्याला कळत नाही. त्याला कळतं की पाणी संपलं आहे, आणि बरोबरचा माणूस काल होता तो आज नाही. आपल्याला कुठल्या नावानं हाक मारतात हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न आहे. पाचव्या वर्षाच्या सुमारास आनंदरावचा दामोदरराव झाला, युवराज झाला. आणि जंगलात तर नाव लपवावंच लागतं. मी कोण, हा प्रश्न या वयाच्या प्रत्येक मुलाला पडतो. याला तो जिवावर बेतून पडला.

भाषा कशी असावी? मुलगा घरात मराठी बोलेल, सईस बुंदेलीत बोलेल, पठाण शिलेदार हिंदुस्तानीत. बुंदेलखंडात मराठी माणूस असाच जगला, आजही जगतो. ती सरमिसळ चोखंदळपणे धुऊन टाकू नये. मराठीचा ओघ घट्ट असला की दोन बुंदेली शब्दांनी तिला धोका होत नाही.

आणि कत्तलीचं काय? ती लपवू नये आणि रंगवूही नये. मुलाच्या उंचीवरून सांगावी. कुणीतरी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतं, आणि त्या बोटांच्या फटीतून जेवढं दिसतं तेवढंच. उरलेलं वाचणाऱ्या मुलाला समजतं. मुलांना भीतीचं वावडं नसतं. खोटेपणाचं असतं.

यात अद्भुत कुठून येणार, असं कुणी विचारेल. बुंदेलखंडात त्याला काय तोटा? आल्हा-ऊदलच्या लढाया गाणारे गावोगाव आहेत. वेतवेच्या काठच्या गुहा, ओसाड गढ्या, रात्री दिवे दिसणारे बुरूज. खत्रींनी चुनारच्या बाजूला जे केलं, ते इथे मराठीत करता येईल. भांडेरच्या पुढे, कोंचच्या अलीकडे, अंधारात दिसणारा समथरचा किल्ला. त्या मुलाला तो तिलिस्म वाटला तर त्यात काय नवल? दार उघडेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक किल्ला तिलिस्मच असतो.

इतिहासाशी बेइमानी होईल का? मला तसं वाटत नाही. तारखा, माणसं, घडलेल्या घटना जागच्या जागी ठेवाव्यात. ती राणी समथरला थांबली असं छातीठोक सांगू नये, कारण तसं सांगायला आधार हवा. पण एका थकलेल्या मुलानं दूरचे दिवे पाहिले असतील, एवढं म्हणायला कादंबरीकाराला परवानगी असते. तेवढ्या परवानगीतच त्याचं घर असतं.

तोपर्यंत, मंडळी, आपल्या हातात असलेलं एक काम सांगतो. तुमच्या घरात नऊ-दहा वर्षांचं मूल असेल आणि ते मराठी अडखळत वाचत असेल, तर त्याला "वाच" म्हणू नका. एखादी साहसकथा घ्या, रात्री जेवणानंतर मोठ्यानं वाचा, आणि दार उघडायच्या क्षणी पुस्तक मिटून म्हणा, "उरलेलं उद्या." मग पुस्तक त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा आणि दिवा मालवा.

टॉर्च ते स्वतः शोधेल.